कुंपणाआतली आपोलोनिया

सारेग किनारा (कुंपणाच्या आतून),
मंगळवार, १२ ऑगस्ट

परम आदरणीय मेहुणे यांस,

बोनिफासचा गुडघ्यापर्यंत वाकून नमस्कार. (त्याच्या खाली वाकलो तर उठवायला इथे माणूस नाही.) तुमचं नाव या पत्रात कुठेही आलेलं नाही, याची खात्री करून घ्यावी. बायकोच्या थोरल्या भावाचं नाव तोंडातून किंवा हातातून निघालं की दात पडतात असं आमची आई सांगायची, आणि माझे आता चारच उरलेत, तेव्हा जोखीम घेतलेली नाही. पाकिटावर काय लिहावं हा पेच मात्र पडला. शेवटी 'कुबाल गावी, ज्यांची मधली बहीण सारेगला दिली होती आणि ज्यांच्या घरापुढे फुटकी होडी उलटी घातलेली आहे त्यांस' असं लिहिलं. होडी अजून तशीच असेल तर पत्र पोचेल. दुरुस्त केली असलीत तर आनंद आहे, पण मग पत्र पोचणार नाही.

तुमचा गुडघा कसा आहे? वहिनींचा दमा? तीन वर्षांत काही विचारलं नाही, म्हणून सगळं एकदम विचारतो. त्या काळ्या डुकरिणीला पिल्लं झाली का, हेही कळवावं. ती अजून असेल तर. नसेल तर ज्या जेवणात ती गेली त्या जेवणाला मला बोलावलं नव्हतं, याबद्दल माझी तक्रार नाही. मला बोलावण्यासारखं मी काही ठेवलंच नव्हतं. इकडे माझी पाठ धरलेली आहे, डोळ्यांना दुपारपर्यंत दिसतं, आणि बाकी मी जिवंत आहे, हजेरीपुरता.

आधी मुद्द्याचं सांगतो, नाहीतर माझी सवय तुम्हाला माहीत आहे, लाकूड आणायला निघतो आणि मासे घेऊन परत येतो. या महिन्याच्या अठ्ठावीस तारखेला आमच्या कुळाच्या अकरा कबरी उकरून रस्त्याकडेच्या 'हरित पट्ट्या'त हलवणार आहेत. त्यात नीरफणसाखालची तुमच्या बहिणीचीही आहे. त्या जागी सूर्यावर चालणारे काचेचे तक्ते बसणार आहेत, कारण माशांचा कारखाना डिझेलवर चालला तर तो हरित म्हणवत नाही, आणि हरित म्हणवला नाही तर म्हणे फिजी आणि सॉलोमनवाले आमचे डबे सवलतीत घेत नाहीत. थोडक्यात, शेजारच्या बेटांनी आमचा कुपा मासा स्वस्तात खावा म्हणून आपोलोनियाने उठून रस्त्याकडेला जायचं आहे. तिला जन्मात कधी रस्त्याकडेला बसवलं नव्हतं. बाजारातसुद्धा ती झाडाखालची जागा धरायची.

चार वर्षांपूर्वी हे विशेष आर्थिक क्षेत्र आलं तेव्हा सभेला तुम्ही होतात, ते मी विसरलेलो नाही. पडद्यावर चित्रं दाखवली होती. समुद्र इतका निळा की आमच्याच लोकांनी विचारलं, हा कुठला समुद्र? तुम्ही मागे उभे होतात. सगळे टाळ्या वाजवत असताना एकट्याने विचारलंत, "जमीन दिलीत, ठीक आहे. माझ्या बहिणीला उद्या पुराल कुठे?" आणि मी, तोंडात सुपारी धरून, भर सभेत म्हणालो, "मेहुणे, ती अजून ठणठणीत आहे, तुम्ही तिला कशाला पुरताय?" सगळी सभा हसली. आपोलोनियाही हसली. ते हसणं माझ्या कानात अजून आहे. कानात शिरलेलं पाणी कूस बदलल्यावर तरी निघतं, हे निघत नाही.

पुढे मला नोकरी लागली. नोकरी म्हणजे काय, तर 'हरित दूत'. हिरवं शिरस्त्राण, हिरवा अंगरखा, गळ्यात माझाच फोटो. (फोटोत मी एखाद्या मेलेल्या माणसासारखा दिसतो, पण फाटकावरच्या पहारेकऱ्याला त्याने फरक पडत नसे.) काम असं की खारफुटीची झाडं मोजायची आणि प्रत्येकाला क्रमांकाची पट्टी बांधायची. मी चिखलात उभं राहून दोन हजार एकशे चौदा झाडांना पट्ट्या बांधल्या. काहींना तर नावंही ठेवली. मग धक्का बांधायचा म्हणून त्यातली निम्मी तोडली, आणि पट्ट्या धुऊन मला परत दिल्या, म्हणाले, "बाबा, या नोंदीसाठी जपून ठेवा." माझ्या खोपटात आज हजारावर झाडं आहेत, सगळी पिशवीत. कारखान्याच्या भिंतीला मात्र पोपटी रंग दिलाय. लांबून पाहिलं तर जंगलच वाटतं, जवळून पाहिलं तर भिंत.

मासळीचं तर सांगूच नका. आमच्याच खाडीपुढचा कुपा आमच्याच पोरी डब्यात भरतात. तुमची भाची लुडविना त्याच रांगेत पांढरे गमबूट घालून दिवसभर उभी असते, घरी आली की पाय भिंतीला टेकवून पडते आणि म्हणते, "बाबा, आज मला मासा वाढू नकोस, मी त्याला नावानिशी ओळखते." तो डबा बोटीत चढतो, बेटाबेटांना जाऊन येतो, आणि शहरातल्या दुकानात 'परदेशी माल' म्हणून फळीवर वरच्या बाजूला बसतो. मी एकदा दुकानदाराला म्हणालो, अरे, हा आमच्याकडचा आहे. तो म्हणाला, "आजोबा, तुमच्याकडचा असता तर इतका महाग असता का?" याचं उत्तर तुम्हाला सुचलं तर कळवा.

आता एक गोष्ट मला माफीसह सांगायची आहे. गेल्या डिसेंबरात तुमचे दोघे मुलगे मातीची भांडी आणि साबूचं पीठ घेऊन, बाजूला ओंडका बांधलेल्या उलांडीच्या होडीने आले होते आणि किनाऱ्यावरून परत फिरले. तुम्हाला वाटलं असेल, बोनिफासने दार लावलं. तसं नाही. मी हिरवं शिरस्त्राण घालून तिथेच उभा होतो, हे खरं आहे, पण दार जकातवाल्याने लावलं. तो नवा, टेकड्यांवरचा माणूस, समुद्राला पाठ करून बसतो. म्हणाला, हा किनारा व्यापाराच्या कायद्याने देशाबाहेर धरलेला आहे, त्यामुळे ही आयात होते, उत्पत्तीचा दाखला दाखवा. तुमचा थोरला बिचारा शांतपणे म्हणाला, "साहेब, आमच्या आत्याचं गाव आहे. आम्ही आजोबांच्या आजोबांपासून इथे भांडी देऊन बदामासारख्या त्या रानबिया नेतो." जकातवाला म्हणाला, "आत्या कुठे आहे?" थोरल्याने कुंपणाच्या आतल्या नीरफणसाकडे बोट दाखवलं. जकातवाल्याने बघितलं आणि म्हणाला, "म्हणजे आत्या परदेशात आहे." वर भांडी उघड्या जाळावर भाजलेली असल्याने हरित मालात बसत नाहीत, हेही त्याने सांगितलं. धाकट्याने तेव्हा एक भांडं त्याच्या पायाशी आपटलं. ते फारच सुंदर फुटलं. मी मध्ये पडायला हवं होतं. मी वहीत 'एक भांडं' अशी नोंद केली.

असो. आता रविवारचं, म्हणजे तीन तारखेचं. कारखाना बंद होता. गळ्यातल्या फोटोमुळे मला आत सोडतात, म्हणून दर रविवारप्रमाणे मी कबरीवरचा पाला काढायला गेलो. (तिच्याशी थोडं बोलतोही. विषय तेच, माझ्या पाठीचे आणि तिच्या भावाच्या हट्टाचे. रागावू नका, बाजू मी तुमचीच घेतो.) तर नीरफणसाला हिरव्या कागदाची नोटीस ठोकलेली. खिळा ठोकलेला! झाडातून चीक गळत होता. नोटीस वाचली आणि डोक्यात काय गेलं कुणास ठाऊक, मी तसाच फाटकाकडे धावलो. या वयात धावलो, मेहुणे, गाईसारखा. ओहोळाकाठचा रानआल्याचा लांब दांडा उपटला आणि फाटकाच्या दोन्ही दारांना मिळून गोरगोर बांधला. एकदा तो दांडा बांधला की त्या जमिनीत कोणी पाऊल टाकायचं नाही आणि आत असेल त्याने बाहेरही टाकायचं नाही, हे तुम्ही जाणताच. मोठमोठ्या खाणी बंद पडल्यात त्यापुढे. गाठ मारताना मी मोठ्याने म्हणालो, "आपोलोनियाच्या हाडांसाठी बांधतो!" बाहेर खुर्चीत पहारेकरी बसला होता. त्याने माझ्याकडे पाहिलं, दांड्याकडे पाहिलं, पुन्हा माझ्याकडे पाहिलं आणि फार आदराने म्हणाला, "बाबा, तुम्ही आत आहात."

मी आत होतो. मी जगाला बाहेर कोंडलं होतं.

बरं, हेही निभावलं असतं. जमिनीचा म्हातारा म्हणून बांधलेली गाठ मी माझ्या हाताने सोडू शकलो असतो, एक डुक्कर मारून, हात मिळवून. पण मी हाडांचं नाव घेतलं. आणि हाडं नवऱ्याची नसतात, हे कुबालच्या लेकराला कळतं आणि सारेगच्या गाढवाला कळत नाही. हाडं जन्माच्या कुळाची. म्हणजे त्या क्षणी ती गाठ माझ्या हातातून निसटून तुमच्या हातात गेली. आता ती सोडू शकेल असा या पृथ्वीवर एकच माणूस आहे, ज्याचं मला नाव घेता येत नाही आणि जो माझ्याशी बोलत नाही.

सोमवारी सकाळी सहाशे माणसं फाटकाबाहेर उभी राहिली. कोणी दांड्याला हात लावेना. ट्रकवाल्यांनी इंजिनं बंद केली. हवालदार फिदेलिस आला, (त्याची आई आमच्याकडची, तेव्हा त्याची अर्धी पंचाईत,) टोपी काढून म्हणाला, "बाबा, कायद्याने सांगतो, सोडा." मी म्हणालो, तू सोड. तो म्हणाला, "मी काय वेडा आहे का? माझ्या बायकोला सातवा महिना आहे." मग आम्ही दोघांनी कुंपणाच्या जाळीतून सुपारी वाटून खाल्ली. कुंपणातून माणूस जात नाही, पण सुपारी जाते, असा निर्णय त्याने तिथल्या तिथे दिला. त्याच नियमाने लुडविना मला उकडलेली रताळी सरकवते आणि हे पत्रही बाहेर पडणार आहे. पहिल्या दिवशी तिने रताळी दिली आणि जाळीपलीकडे उभी राहून म्हणाली, "बाबा, मामाला निरोप देऊ?" मी म्हणालो, नको, मीच लिहितो. ती म्हणाली, "तीन वर्षं तेच म्हणतोयस."

आत माझ्याखेरीज एकच माणूस आहे, कारखान्याचे व्यवस्थापक सेमीसाहेब. फिजीचे आहेत, दाराएवढे रुंद, आवाज मात्र देवळातल्यासारखा. त्यांचं घर आतच आहे. ते फाटक ओलांडून जाऊ शकले असते, त्यांना आमचा नियम लागत नाही. पण नाही गेले. म्हणाले, आमच्याकडे असं केलं तर आजी कबरीतून उठून कान धरेल. संध्याकाळी माझ्याशेजारी चटई टाकून बसतात, मुळ्या कुटून मातकट पाणी करतात, करवंटीतून देतात. दोन करवंट्यांत जीभ झोपते, तिसरीत राग झोपतो. मी त्यांना विचारलं, "साहेब, तुम्ही भला माणूस आहात, मग या कबरी हलवायच्या असं ठरवलं कोणी?" ते म्हणाले, "बाबा, मी कोण? नकाशा वरून येतो." वरून म्हणजे कुठून? "अकरा वर्षं या धंद्यात आहे," ते म्हणाले, "तेच मला कळलेलं नाही." मग म्हणाले की कबरींच्या जागेला कुळाची संमती आहे, कागदावर कुळातल्या एका वडीलधाऱ्याची सही आहे. कागदही दाखवला. माझ्या चष्म्याला तडा गेलाय, सही नीट वाचता आली नाही. पण ज्या कोणाची असेल, मेहुणे, त्या माणसाबद्दल मला काय वाटतं ते मी कागदावर लिहीत नाही, कागद फाटेल. स्वतःच्या माणसांची हाडं सही करून देतो! त्याच्या हाताला लकवा का मारला नाही? त्याला रात्री झोप कशी लागते? (लागत नसेल. लागू नये.)

तर तुम्हाला लिहिण्याचं निमित्त एवढंच की तुम्ही यावं, दांड्यापुढे उभं राहावं, बहिणीची हाडं जागची हलणार नाहीत असं वरच्या लोकांकडून चारचौघांत वदवून घ्यावं, आणि मग गाठ सोडावी. सारा कारखाना ठप्प आहे, सहाशे माणसांचे डोळे कुबालच्या वाटेकडे लागले आहेत, बोटी रिकाम्या उभ्या आहेत. फिजीत म्हणे मासा मिळेनासा झालाय. तुम्ही कधी एवढे मोठे नव्हतात. आलात तर राजासारखे याल.

तिला पुरलं त्या दिवशी तुम्ही जेवणाला न थांबता निघून गेलात. होडी घेऊन आला होतात, तिला घरी न्यायला. मी म्हणालो, ती सारेगची आहे, माझ्याशेजारी निजेल, साहेबांनी मला शब्द दिलाय. तुम्ही विचारलंत, कोणत्या साहेबांनी? मला नाव सांगता आलं नाही. तेव्हापासून चार साहेब बदलले. शब्द कोणाकडे आहे ते मी विचारत फिरतो.

वहिनींना नमस्कार. मुलांना आशीर्वाद. धाकट्याला सांगा, त्याने भांडं फोडलं ते योग्य केलं.

आपला आज्ञाधारक आणि अडकलेला,
बोनिफास यगुम

ता. क. : येताना आपल्याकडच्या शिंपल्यांचा चुना आणावा. इकडचा मिळतो त्याने तोंड भाजतं पण सुपारी रंगत नाही.

ता. क. दुसरा : वर 'सारा कारखाना ठप्प आहे' असं लिहिलंय, ते गेल्या बुधवारपर्यंत खरं होतं. बुधवारी ओहोटीला कोणीतरी खारफुटीतून, जिथली झाडं तोडली त्या मोकळ्या चिखलातून, चालत आत आलं. गोरगोर फाटकाला आहे, चिखलाला नाही, असं त्यांचं म्हणणं. गुरुवारी शंभर आले, शुक्रवारी सगळे. आता पाळी ओहोटीप्रमाणे लागते. धुरांडं चालू आहे, बोटी भरतायत. जाताना सगळे मला नमस्कार करतात, अगदी मनापासून. लुडविनाही तिथूनच येते. पहिल्या दिवशी गमबूट हातात घेऊन माझ्यापुढे उभी राहिली, रडली, मग पाळीची घंटा झाली. तिने रताळी आणली होती. सेमीसाहेबही चिखलाच्या वाटेला लागले, नोकरीच आहे, पण चटई अजून टाकतात. तेव्हा सध्या माझा गोरगोर पाळणारा या किनाऱ्यावर मी एकटाच आहे. मी बांधला, मी नाही मोडायचा.

ता. क. तिसरा : पत्र पाकिटात घातलं होतं, पुन्हा बाहेर काढलं. चष्म्याला तडा आहे हे खरं, पण सही वाचता येते. बोनिफास यगुम, असं स्वच्छ लिहिलंय, 'य'ची शेपटी लांब, मी मिशनच्या फलकावरून स्वतः शिकलो तशी. मला हिरवं शिरस्त्राण दिलं त्याच दिवशी कागदांचा गठ्ठा पुढे ठेवला होता. म्हणाले, वडीलधारे म्हणून तुमचीच सही हवी. इतक्या वेळा कोणी मला वडीलधारे म्हटलं नव्हतं. मी एकही कागद न वाचता सगळ्यांवर सही केली, आणि शेवटच्यावर तर खाली एक रेघही ओढली. आपोलोनिया तेव्हा जिवंत होती. तिने विचारलं, कशावर सही केलीस? मी म्हणालो, सगळ्यावर.

म्हणून गाठ सोडायला येऊ नका. ती कोणाला अडवत नाही. अठ्ठावीसच्या आत तिला न्यायला या. यंत्राने उचलायची नाही ती. तुमच्या कुळाचे हात हवेत, आणि मी मागे तोंड करून उभा राहीन. ओहोटीला चिखलाच्या वाटेने या, तिथे जकातवाला बसत नाही. मला काय बोलायचं ते तिला होडीत ठेवून झाल्यावर बोला, आधी नको, ती ऐकेल. आणि मग, मला बरोबर घ्यायचं की इथेच ठेवायचं ते ठरवा. सावकाश ठरवा. मी कुठे जात नाही.